प्राणहितेवरची अपुरी जलवाट

भद्रावतीला पार्श्वनाथप्रभूंच्या दर्शनासाठी येणारी कुटुंबे बहुधा चंद्रपूरपर्यंत जातात, गोंडकालीन परकोट पाहतात, सवड असेल तर ताडोब्याच्या अरण्यात एक फेरी करतात आणि परतीची गाडी धरतात. चंद्रपूरच्या खाली बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा जो मार्ग सागवानाच्या रानातून सिरोंच्याकडे उतरतो, त्या मार्गाने तेंदूपत्ता, बांबू, मिरची किंवा तांदूळ यांच्या व्यवहाराशी संबंध असलेल्या माणसांखेरीज फारसे कोणी जात नाही. वाट लांबची आहे. आलापल्लीपासूनच सिरोंचा सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे आणि पावसाळ्यात एवढ्या अंतराला किती तास लागतील हे अनुभवी वाहनचालकही छातीठोकपणे सांगत नाही. तरीही व्यापारी घराण्यांतील माणसाने हा प्रवास एकदा तरी करावा असे मला वाटते. या रस्त्याच्या शेवटी जी नदी भेटते, तिच्या भरवशावर एके काळी विदर्भातील कापसाच्या व्यापाराचे सारे गणित मांडले गेले होते.

ती नदी म्हणजे प्राणहिता. वैनगंगा आणि वर्धा यांचा संगम गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याच्या परिसरात होतो आणि तेथून पुढे दोन्ही नद्या आपापली नावे सोडून प्राणहिता या एकाच नावाने वाहतात. सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीला मिळते. त्याही खाली सोमनूरला बस्तरच्या डोंगरांतून आलेली इंद्रावती येऊन मिळते. पैनगंगा आधीच वर्धेत विसर्जित झालेली असते. विदर्भावर पडलेल्या पावसाचा फार मोठा वाटा अशा रीतीने या एकाच मार्गाने पूर्वसमुद्राकडे जातो. नकाशा समोर ठेवून पाहिले की हिंगणघाट, वणी, चंद्रपूर ही कापसाची आणि धान्याची ठिकाणे जणू एका झाडाच्या फांद्यांवर बसलेली दिसतात आणि त्या झाडाचे खोड सिरोंच्यावरून काकीनाड्याच्या बंदराकडे गेलेले दिसते.

सिरोंचा हे महाराष्ट्राच्या अगदी आग्नेय टोकाचे तालुक्याचे गाव. पलीकडच्या तीरावर तेलंगण, थोडे पूर्वेला गेले की छत्तीसगड. बाजारात मराठीपेक्षा तेलुगू अधिक कानी पडते आणि दुकानदार एकाच वाक्यात दोन्ही भाषांचा हिशेब करतो. नदीकाठी ब्रिटिश अमदानीतील विश्रामगृह अद्याप उभे आहे. त्याच्या आवारातून प्राणहितेचे विस्तीर्ण पात्र दिसते. भाद्रपदात ते काठोकाठ तांबूस पाण्याने भरलेले असते आणि पाहणाऱ्याला वाटते, येथून एखादे जहाजही सहज जाईल. फाल्गुनात पाहावे तर वाळूचे प्रचंड मैदान आणि त्यातून वाट काढणारे दोनतीन शांत प्रवाह. एकाच नदीची ही दोन रूपे ज्याने लक्षात ठेवली त्याला पुढची सारी हकिकत समजली म्हणून समजावे. ज्यांनी या नदीवर आगबोटींची वाट आखली, त्यांच्या मनात भाद्रपदातील नदीच अधिक ठसली होती, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वऱ्हाड आणि नागपूर प्रांतातील कापूस उत्तम प्रतीचा म्हणून ओळखला जाई. हिंगणघाटच्या कापसाला तर गावाच्या नावानेच मान होता. परंतु हा माल बाहेर काढायचा कसा, हे व्यापाऱ्यापुढचे कोडे होते. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर बोद लादून पाचशे मैलांच्या घरात वाट तुडवीत मिर्झापूर गाठत आणि तेथून गंगेच्या पात्रातून तो माल कलकत्त्याला जाई. दुसरी वाट घाट उतरून मुंबईची. काळ्या मातीच्या मुलखात पहिला पाऊस पडला की बैल गुडघाभर चिखलात रुते, माल भिजे, धूळ आणि कचरा मिसळून त्याची प्रत उतरे. विकणाऱ्याने मोजून दिलेला माल आणि घेणाऱ्याने मोजून घेतलेला माल यांत जी तूट येई, तिचा वाद पुढे महिनोन्‌महिने चाले. शिवाय रिकामे बैल परत आणणे परवडत नसे, म्हणून येताना मीठ आणले जाई. पूर्व किनाऱ्याचे मीठ याच मार्गांनी चांद्याच्या आणि त्यापलीकडच्या रानात पोहोचे. दंडकारण्यातील माडिया, गोंड आणि कोया लोकांना बाहेरच्या जगाकडून जे काही अगत्याने हवे असे, त्यात मीठ पहिले होते. मोहफूल, डिंक, लाख, हिरडा यांच्या मोबदल्यात आठवडी बाजारात मिठाचे माप दिले जाई. ते माप सदैव न्यायाचेच होते, असे व्यापाऱ्यांच्या वंशजांनाही म्हणवणार नाही.

या कोड्याला उत्तर सुचवणाऱ्या अभियंत्याचे आडनाव योगायोगाने कॉटन होते. आर्थर कॉटन (१८०३–१८९९) हे मद्रास इलाख्यातील अभियंते. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वर येथे १८४७ ते १८५२ या काळात त्यांनी गोदावरीवर जो बंधारा उभारला, त्याने दुष्काळाने पिडलेल्या त्या त्रिभुज प्रदेशाचे रूप पालटले. गोदावरी जिल्ह्यांत आजही त्यांचे पुतळे आहेत आणि शेतकरी त्यांना कृतज्ञतेने आठवतात. बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांतून पाण्याबरोबर नावाही जात आणि त्या काकीनाड्याच्या बंदराला पोहोचत. यावरूनच कॉटन यांची कल्पना पुढे धावली. रेल्वेपेक्षा पाण्याची वाट अनेक पटींनी स्वस्त पडते, असा त्यांचा ठाम सिद्धान्त होता आणि तो त्यांनी आयुष्यभर, विलायतेच्या संसदीय समितीपुढेसुद्धा, हिरिरीने मांडला. १८५१ च्या सुमारास त्यांनी सुचवले की धवळेश्वरपासून गोदावरीच्या प्रवाहाने वर यावे, मग प्राणहितेत शिरावे, मग वर्धेत आणि कापूसपट्ट्याच्या उंबरठ्यापर्यंत आगबोटी न्याव्यात. कापूस खाली जाईल, मीठ वर येईल, बैलांची पाठ मोकळी होईल. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी १८५७ मध्ये स्थापलेल्या कापूस पुरवठा संघालाही ही कल्पना रुचली आणि त्यांनी सरकारमागे तगादा लावला. पश्चिम किनाऱ्यावर कारवारनजीकच्या सदाशिवगडचे बंदर आणि पूर्वेला गोदावरीची जलवाट, या दोन मागण्या त्यांच्या तोंडी सतत असत.

नदीची पाहणी करून काम अंगावर घेतले ते फेलिक्स हेग या मद्रासच्याच सैनिकी अभियंत्याने. त्यांना आढळले की शेकडो मैलांच्या या मार्गात नदी बहुतेक ठिकाणी वाळूवरून संथ वाहते, मात्र तीन ठिकाणी खडकांच्या रांगा पात्राला आडव्या आल्या आहेत. तेथे पाणी मैलोगणती फेसाळत, कोसळत जाते आणि कोणतीही नाव त्यातून वर चढू शकत नाही. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर, आपल्या अहेरी तालुक्यातील देवलमरी येथे. म्हणजे तिसरा दरवाजा आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या आत होता आणि दुसरा त्याच्या सीमेवर.

खडक फोडून पात्रच खोल करावे असे सामान्य माणसाला वाटेल. परंतु खडक हा येथे केवळ अडसर नसतो, तो पाण्याला थोपवून धरणारा उंबराही असतो. तो फोडला तर वरचे पाणी वाहून जाते आणि नाव वाळूत टेकते. म्हणून अभियंत्यांनी निराळी रीत योजली. खडकांच्या वरच्या अंगाला बंधारा घालून पाणी अडवायचे, काठाने एक कालवा खोदून तो खडकाळ टप्प्याच्या खाली पुन्हा नदीत सोडायचा आणि दोन पातळ्यांमधला फरक जलपाशांनी तोडायचा. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली दगडी हौदाची कोठडी. नाव आत आली की खालचे दार बंद करतात, वरून पाणी सोडतात, पाण्याबरोबर नाव हळूहळू उचलली जाते आणि वरची पातळी गाठली की वरचे दार उघडते. चढणीवर जिने असतात, तसे हे पाण्याचे जिने. दुम्मागुडेमला या पद्धतीचे काम पुष्कळ पुढे गेले. वरच्या दोन अडथळ्यांपाशी त्या मानाने फारच थोडे झाले.

हे सारे ज्या रानात घडत होते ते निर्जन नव्हते. १८५८ च्या वसंतात मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला शेडमाके यांना चांद्याला फाशी देण्यात आले. चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातील त्यांचे स्मृतिस्थळ आजही श्रद्धेने पुजले जाते. नदीची वाट, तारेची वाट आणि राज्याची वाट या तिन्ही एकाच सुमारास या अरण्यात शिरू पाहत होत्या. रानातल्या माणसाला त्या तिन्ही सारख्याच परक्या वाटल्या असतील तर नवल नाही.

दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, इंग्रजांनी निजामाशी तह केला. गोदावरी आणि वैनगंगा यांच्या डाव्या तीरावरील निजामाचा मुलूख या तहाने इंग्रजांकडे आला आणि दोन्ही राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरी व तिच्या उपनद्यांवरील नौकानयन जकातमुक्त करण्यात आले. जकात किती जाचक असते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तहाच्या कलमात नदीवरची जकात उठवली जाते, याचा अर्थ तह करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कापसाने भरलेल्या नावा होत्या. मिळालेल्या मुलखाचा अपर गोदावरी नावाचा जिल्हा करण्यात आला: सिरोंचा, नुगूर, अल्बाका, चेर्ला, भद्राचलम आणि रेकापल्ली. मुख्य ठाणे सिरोंचा. नदीच्या कामासाठी जिल्हा आणि जिल्ह्यासाठी गाव, असा हा उलटा क्रम आहे. सिरोंच्याला उपायुक्त म्हणून आलेल्या कॅप्टन ग्लासफर्ड यांचे नाव तालुक्यातील ग्लासफोर्डपेठा या खेड्याने जपले आहे. गोंडी आणि तेलुगू नावांच्या गर्दीत रस्त्याकडेच्या पाटीवर हे नाव वाचले की परगावचा प्रवासी हमखास थबकतो.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि हिंदुस्थानच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत शेअरांचे वेड पसरले ते याच पैशाच्या जोरावर. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल हे गोदावरीच्या योजनेचे उत्साही पुरस्कर्ते होते. उथळ पाण्यात चालणाऱ्या वाफेच्या नौका नदीवर आणल्या गेल्या. सुरुंग उडू लागले, दगड घडू लागले. जर ही जलवाट कधी साधायची असती, तर ती या चार वर्षांत साधायला हवी होती.

ती साधली नाही. कारणे अनेक होती आणि त्यांतील बरीच कागदावर दिसणारी नव्हती. या रानातील हिवतापाने मजूर आणि अधिकारी दोघांनाही सोडले नाही. पावसाळ्यात पुरामुळे काम बंद, पावसाळा ओसरला की तापाची साथ, आणि कोरडे, निरोगी महिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. स्थानिक वस्ती विरळ, त्यामुळे माणसे बाहेरून आणावी लागत आणि त्यांचे धान्यही बाहेरून. हेग स्वतः या नदीकाठच्या लोकांत इतके गुंतले की दुम्मागुडेमला कोया लोकांसाठी जे ख्रिस्ती मिशन सुरू झाले त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. नदीचे काम मात्र त्यांच्या उत्साहाच्या वेगाने पुढे सरकले नाही.

मला या योजनेतील खरी मेख पंचांगात दिसते. आपल्याकडे कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. नव्या वह्यांचे पूजन होते आणि बाजारात माल येऊ लागतो. आवक भरात असते ती पौष-माघात. प्राणहितेला आणि वर्धेला नौकांजोगे पाणी असते आषाढापासून पुढचे काही महिने. कार्तिक संपला की पात्र उतरू लागते. म्हणजे माल तयार होतो तेव्हा वाट आटू लागते आणि वाट भरून वाहते तेव्हा वखारीत मालाचा मागमूस नसतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे माघातला कापूस आषाढापर्यंत साठवून ठेवायचा. पाचसहा महिन्यांचे व्याज, वखारीचे भाडे, पावसाळी दमट हवा, आगीची धास्ती आणि मधल्या काळात भाव पडण्याचा धोका, हे सारे जमेस धरले तर पाण्याच्या स्वस्त भाड्यातून हाती किती उरते? परतीच्या मालाची तऱ्हा त्याहून वाईट. मीठ वर आणायचे तर तेही ऐन पावसाळ्यात! धवळेश्वरच्या कालव्यांत बंधाऱ्यामुळे पाणी हुकमी होते, म्हणून तेथे कॉटन यांचा सिद्धान्त खरा ठरला. वरच्या नदीत ऋतू हाच मालक होता. हिंगणघाटच्या पेठेतल्या एखाद्या अनुभवी अडत्याला त्यांनी अर्धा तास समोर बसवले असते, तर त्याने हा हिशेब तोंडी करून दाखवला असता.

इकडे रेल्वेने वाट पाहिली नाही. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली आणि मुंबईचे बंदर बाराही महिने खुले झाले. त्याच सुमारास हॅरी रिव्हेट-कर्नाक हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त झाले. कापसाची प्रत, सरकी आणि गाठी दाबण्याची यंत्रे यांकडे त्यांनी लक्ष दिले. घट्ट दाबलेली गाठ आगगाडीच्या डब्यात कमी जागा घेते आणि मुंबईहून सरळ जहाजात चढते. वर्धेहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग १८७० च्या दशकात झाला. वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाल्याने इंजिनाचे जळणही घरचेच झाले. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल उघडली आणि कापसाला दूरच्या समुद्राइतकेच जवळचे गिऱ्हाईकही मिळाले. परंतु तोपर्यंत गोदावरीच्या कामाचा निकाल लागला होता. लक्षावधी रुपये आणि अगणित माणसांचे श्रम खर्ची पडल्यानंतर १८७१ मध्ये सरकारने ते काम सोडून देण्याचा हुकूम काढला. तीन वर्षांत अपर गोदावरी जिल्हाही मोडला. भद्राचलम आणि रेकापल्ली मद्रासकडे गेले, उरलेला भाग सिरोंचा तहसील म्हणून चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि १९०९ मध्ये त्यातूनही नुगूर, अल्बाका, चेर्ला मद्रासला देण्यात आले. हातात राहिला तो सिरोंचा. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो त्यात आला. महाराष्ट्राच्या या कोपऱ्यात तेलुगू का बोलली जाते, असे प्रवासी विचारतात. गोदावरीकाठचा हा मुलूख नागपूरकडून चालवला गेला, या गोष्टीच्या मुळाशी न चाललेल्या आगबोटींची ती योजना आहे.

येथे एक दूरचे उदाहरण सांगावेसे वाटते. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ब्राउनव्हिल नावाचे लहानसे गाव मिसुरी नदीच्या काठी आहे. तेथे ‘कॅप्टन मेरिवेदर लुईस’ नावाची वाफेवर चालणारी गाळउपसा नौका, म्हणजे ड्रेजर, काठावर कायमची टेकवून संग्रहालय म्हणून जतन केली आहे. अमेरिकी सैन्यदलाच्या अभियंता विभागासाठी ती १९३० च्या दशकाच्या आरंभी बांधली गेली. दोन्ही बाजूंना वाफेने फिरणारी मोठी चाके, आत बाष्पके, इंजिने आणि पंप, वर कामगारांच्या राहण्याच्या खोल्या आणि स्वयंपाकघर, असे ते तरंगते कारखानाघरच होते. तिची करामत पुढच्या तोंडात होती. पाण्याखाली उतरणारे ते तोंड सुपलीसारखे रुंद आणि पसरट. त्यातून जोरदार पाण्याच्या धारा सुटून तळाची वाळू मोकळी करीत, लगेच पंप ती वाळू पाण्यासकट ओढून घेई आणि तराफ्यांवर ठेवलेल्या लांब नळातून दूर बाजूला टाकी. मिसुरी ही वाळू सरकवणारी, एका पावसाळ्यात आपली वाट बदलणारी नदी. तिची वाट मालवाहू नौकांसाठी खुली ठेवण्याचे काम ही नौका १९६० च्या दशकापर्यंत करीत राहिली. १९८९ मध्ये तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तिच्याच जातीची, १९३४ मध्ये बांधलेली ‘विल्यम ब्लॅक’ ही दुसरी नौका आयोवा राज्यातील डब्यूक येथे मिसिसिपीच्या काठी अशीच जपलेली आहे.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. मिसुरीवरील आगबोटींचा व्यापारही एकोणिसाव्या शतकात रेल्वेनेच गिळला. विसाव्या शतकात सरकारने प्रचंड खर्च करून नदी पुन्हा नौकांजोगी केली, तरी तिच्यावरून योजकांनी कल्पिले होते तेवढा माल कधी गेला नाही. म्हणजे तेथेही हिशेब पुरता जुळला नाही. तरी त्या लोकांनी आपली नौका भंगारात काढली नाही. शाळेतली मुले तिच्या इंजिनघरात उतरतात आणि नदी, वाळू, वाफ व व्यापार यांचा परस्परसंबंध डोळ्यांनी पाहतात. असे ड्रेजर प्राणहितेवर असते तर वाळूच्या टप्प्यांत ते उपयोगी पडले असते. देवलमरीच्या खडकापुढे मात्र त्या सुपलीचे काहीच चालले नसते.

आपल्याकडे काय उरले? वरच्या गोदावरीच्या त्या वाफेच्या नौकांपैकी एकही आज पाहायला मिळत नाही. धवळेश्वरला आर्थर कॉटन यांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि तेथे बंधाऱ्याच्या बांधकामातील जुनी यंत्रे ठेवली आहेत, पण ते खालच्या, यशस्वी झालेल्या नदीचे स्मारक. दुम्मागुडेमचा जुना बंधारा तेलंगणात अद्याप पाणी अडवून आहे. सिरोंच्यात विश्रामगृह आहे, ग्लासफोर्डपेठ्याची पाटी आहे. देवलमरीला खडक आहेत, जसे होते तसेच. तेथे नदीकाठी उभे राहिलात तर हे ठिकाण काय होणार होते हे सांगणारा एकही फलक दिसत नाही. सागाचे ओंडके पुराच्या पाण्यावर सोडून राजमहेंद्रीकडे नेण्याची जी रीत होती तीही आता आठवणीत गेली. माणसांना पैलतीरी नेणारे डोंगेसुद्धा पूल झाल्यापासून विरळ झाले आहेत.

मात्र नदीवरील मोठ्या योजनांचे युग संपलेले नाही. सिरोंच्याच्या समोर गोदावरीवर बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला. पंच्याऐंशी दारांचे हे बांधकाम तेलंगणच्या शेतीसाठी. त्याच्या फुगवट्याने आणि पुराने सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी मात्र खचल्या, बुडाल्या आणि भरपाईसाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचेच काही खांब खचले. आणि २०१६ च्या कायद्याने देशातील ज्या नद्यांना राष्ट्रीय जलमार्ग म्हणून क्रमांक मिळाले त्यांत वैनगंगा-प्राणहिता हा १०९ क्रमांकाचा जलमार्ग आहे. कागदावर कॉटन यांची वाट पुन्हा उघडली आहे. पंचांग तेच आहे.

या विषयासंबंधी वाचकांना माझी एक विनंती आहे. गोदावरीच्या योजनेचे जे कागद आज अभ्यासकांना मिळतात ते सरकारी आहेत. अभियंत्यांचे अहवाल, आयुक्तांची पत्रे, तहाची कलमे. त्या काळी हिंगणघाट, वणी, वरोरा, चांदा येथे ज्यांच्या पेढ्या होत्या त्यांनी या जलवाटेकडे कसे पाहिले, कोणी एखादी खेप नदीने पाठवून पाहिली का, सिरोंच्याच्या ठाण्याला धान्य आणि किराणा कोण पुरवीत असे, मजुरांचा पगार कोणत्या हुंडीने तेथे पोहोचे, याचे उत्तर असेल तर ते घरोघरच्या जुन्या वह्यांतच असेल. आपल्या समाजात वही टाकून देण्याची पद्धत नाही. लाल कापडात गुंडाळून ती माळ्यावर जाते आणि वाळवीच्या हवाली होते. विक्रम संवत १९१७ ते १९२८ या काळातील एखादी रोजमेळाची किंवा खातेवही कोणाच्या घरी असेल, तर ती उघडून पाहावी. मोडी किंवा महाजनी लिपी वाचणारी माणसे अजून आहेत. नावेचे भाडे, मिठाची खेप, सिरोंच्याची उधारी असा एखादा शब्द जरी सापडला, तरी त्या पानाचे छायाचित्र काढून जतन करावे. ब्राउनव्हिलकडे नौका आहे, आपल्याकडे कदाचित वही असेल.

ज्यांना हा मार्ग प्रत्यक्ष पाहायचा आहे त्यांनी माघ-फाल्गुनात निघावे. पाणी उतरल्यावरच देवलमरीचे खडक दिसतात आणि वाळूतून चालत प्रवाहापर्यंत जाता येते. वाटेत आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाने राखलेला जुन्या सागवानाचा पट्टा आहे, तेथे तासभर थांबावे. सिरोंच्याचा मुक्काम विश्रामगृहात करायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागते. इंचमपल्लीचा परिसर आणि इंद्रावतीचा संगम पाहायचा असेल तर एक दिवस अधिक ठेवावा आणि स्थानिक माणूस बरोबर घ्यावा. आलापल्लीनंतर शुद्ध शाकाहारी जेवणाची सोय बेताचीच आहे. दशमी-पुरी आणि गाळलेले पाणी बरोबर घ्यावे, आणि ज्यांचा चौविहाराचा नियम आहे त्यांनी सूर्यास्ताचा हिशेब अहेरीच्या फाट्यावरच करून पुढे निघावे.